पुडीवरचं नाव केसपेपरवर का येत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे आधीच सांगतो. जागा नसेल तर कापा, पण केसपेपरचा भाग तेवढा राहू द्या, माझं मुख्य म्हणणं तेच आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतो, तहसीलच्या रस्त्यालाच. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांची स्कॉलरशिप, सगळं माझ्या मशीनवरून जातं. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन युनियनने कंपन्यांना परदेशातल्या नुकसानीबद्दल जबाबदार धरायचा त्यांचा कायदा बराच ढिला केला, त्याची बातमी आतल्या पानावर चार बोटांएवढी आली होती. ती कापून मी काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. गिऱ्हाईक विचारतात, "भाऊ हे काय होय, तुहं कोनी हाय का तिकडं?" तिकडं माझं कोणी नाही, पण तिकडून आलेलं औषध आमच्या वावरात आलं होतं आणि त्या औषधाचा हिशोब अजून बाकी आहे.

२०१७ चा पावसाळा आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी म्हणजे कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती, पांढरी माशी होती, अळीला दाद देणार नाही म्हणून घेतलेलं बीटी बियाणं असूनही बोंडअळी मरत नव्हती, हवा दमट, आणि मजूर मंडळी पंप पाठीवर घेऊन आज याच्या वावरात तर उद्या त्याच्या, सुट्टी अशी नाहीच. उंच पऱ्हाटीवर फवारायचं म्हणजे नोझल वर धरावं लागतं, मग वाऱ्याची झुळूक आली की तो फवारा आपल्याच तोंडावर, छातीवर, बनियान ओली. जुलै ते ऑक्टोबर एवढ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर माणसं गेली आणि ८०० च्या आसपास दवाखान्यात भरती झाली. मग सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली एसआयटी नेमली, मेलेल्यांच्या घरच्यांना २ लाख रुपये जाहीर केले, आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम या ५ जिल्ह्यांत ५ औषधांची विक्री ६० दिवसांसाठी बंद केली. ६० दिवस. नोव्हेंबरात तशीही फवारणी संपत आलेली असते.

त्या पाचांत एक होतं डायफेन्थियुरॉन. पांढरी पावडर, पाण्यात कालवायची, एकराला अडीचशे ग्रॅम लागते. सिंजेंटा कंपनी ते पोलो या नावाने विकते. सिंजेंटाचं हेड ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहरात, आणि २०१७ मध्येच ती चीनच्या सरकारी केमचायना कंपनीने सुमारे ४३ अब्ज डॉलर देऊन घेतली. आता हे बघा, डायफेन्थियुरॉनची युरोपियन युनियनमधली परवानगी २००२ मध्येच गेली होती. स्वित्झर्लंडच्या बाजारातून ते २००९ मध्ये गेलं. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या हातात ते नको हे ठरलं होतं, तरी २०१७ मध्ये तिथून सुमारे ७५ टन डायफेन्थियुरॉन भारताकडे निघालं, हे तिथल्याच सरकारी निर्यातीच्या कागदांवरून पब्लिक आय नावाच्या स्विस संस्थेने उघड केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आकडा छापताना चुकला असेल. नाही, बरोबर होता.

पुढे आमच्या भागातल्या लोकांनी महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स अशी संघटना केली, कीटकनाशकांच्या प्रश्नावर काम करणारी पॅन इंडिया ही संस्था त्यांच्यासोबत होती, पब्लिक आय आणि बर्लिनची ईसीसीएचआर ही वकिलांची संस्था सोबत आली. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा बाया आणि वाचलेला एक शेतकरी अशा तिघांनी बासेलमध्ये सिंजेंटावर नुकसानभरपाईचा दावा लावला. त्याच वेळी ५१ बाधितांची तक्रार ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने कंपन्यांसाठी केलेल्या नियमांखाली स्विस सरकारच्या संपर्क केंद्राकडे गेली, ती २०२२ मध्ये तडजोड न होताच बंद झाली. यवतमाळच्या पोलिसांच्या नोंदींत ९६ विषबाधा पोलोशी जोडलेल्या आहेत आणि त्यात २ मृत्यू आहेत, हेही या संस्थांनी कागदांसकट मांडलं. कंपनीने हे सगळं नाकारलं आहे, ही विषबाधा आमच्या औषधाने झाली याचा पुरावा नाही असं कंपनीचं म्हणणं आहे. ते इथे लिहिलंच पाहिजे म्हणून लिहितो.

पण पुरावा नाही हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात कालवतं, कारण पुरावा कसा नाहीसा होतो ते मी माझ्या घरात बघितलंय.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. वय तेव्हा छप्पन्न. कंपनी कोणती, दवाखाना कोणता, दुकान कोणतं हे मी लिहिणार नाही, कारण माझ्याकडे तो कागदच नाही आणि मला तेच सांगायचं आहे. दिवसभर फवारून संध्याकाळी घरी आले, आंघोळ केली, भाकर खाल्ली, ओसरीवर आडवे झाले. नऊच्या सुमारास मोठ्या आईला म्हणाले, "लाइट गेली काय वं?" लाइट होती. टीव्ही चालू होता. ती म्हणे, हाय ना लाइट, तर ते म्हणाले, "मले तं काहीच दिसून नाही राह्यलं." आम्ही ऑटो करून तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. उलट्या, हातपाय थरथर, दोन दिवस माणूस ओळखत नव्हते. वाचले. डोळे पण आले परत, आठेक दिवसांनी धूसर धूसर दिसायला लागलं. उजव्या हाताची थरथर मात्र राहिली, आता चहाचा कप दोन हातांनी धरतात.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, कोणतं औषध होतं? आमच्यातल्या कोणाला सांगता आलं नाही. वावर दुसऱ्याचं, औषध मालकाने आणलेलं, टिपाडात दोन-तीन कालवलेली, एक पावडर होती एक पातळ होतं इतकंच मोठेबाबांना माहीत. मी दुसऱ्या दिवशी वावरात गेलो पुडी शोधायला. धुऱ्यावर काळा डाग होता फक्त, रिकाम्या पुड्या आणि डबे तिथेच जाळले होते. जाळतातच, नाहीतर गुरं चाटतात, लेकरं खेळायला घेतात, जाळणाऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मग कृषी केंद्रात गेलो बिल मागायला. बिल नाही. उधारीचा माल, कापूस निघाल्यावर पैसे द्यायचे, वहीत नुसती रक्कम मांडलेली, औषधाच्या नावाची जागा रिकामी. आणि केसपेपरवर काय लिहिलं गेलं? अननोन पॉयझन. अज्ञात विष. इतकंच. डिस्चार्ज कार्डवर पण तेच उतरलं. मी स्वतः त्याच्या झेरॉक्स काढल्या, सात कॉप्या.

डॉक्टरांनाही मी दोष देत नाही, रात्री बारा वाजता वॉर्डात एका खाटेवर दोन पेशंट असताना कोण पुडीचं नाव शोधत बसेल. बहुतेक वेळा ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे नसांवर परिणाम करणारा कीटकनाशकांचा एक गट, धरून अॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा चालू करतात कारण जास्त केसेस तशाच असतात. पण डायफेन्थियुरॉन त्या गटातलं नाही, ते पेशीतल्या ऊर्जा तयार करायच्या यंत्रणेवर घाव घालतं, आणि त्याला नेमका असा उतारा नाही. रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य तपासलं तर निदान ऑरगॅनोफॉस्फेट आहे की नाही एवढं कळतं, पण २०१७ मध्ये जिल्ह्यात तीही सोय नव्हती. मग माणूस कशाने गेला हे केसपेपरवर कुठून येणार.

त्या काळात सेंटरवर एक बाई आली होती, पन्नीत कागद गुंडाळून. नवरा गेलेला. तिला कुठल्यातरी फॉर्मला जोडायला सगळ्याचे झेरॉक्स पाहिजे होते. पोस्टमॉर्टेमचा कागद, पंचनामा, पोलीस पाटलाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. मी एकेक कागद काचेवर ठेवत होतो आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी म्हणाली, भाऊ यात औषधाचं नाव कुठं असन तं सांग ना, मले वाचता नाही येत. मी सतराच्या सतरा कागद उलटून पालटून बघितले. कुठेच नव्हतं. पंचनाम्यात विषारी औषध फवारताना असं लिहिलं होतं आणि पुढे दोन बोटं जागा मोकळी सोडली होती, नंतर भरायला म्हणून. ती कोणी भरली नव्हती.

संपादक महोदय, परदेशातल्या कोर्टात जायचं तर पहिला प्रश्न तोच विचारतात जो त्या डॉक्टरने विचारला. कोणतं औषध? बासेलच्या जज्जापुढे आपण अज्ञात विष घेऊन गेलो तर तो काय करणार. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, कंपनीला काय माहीत होतं, कधी माहीत होतं, तक्रारी आल्या तेव्हा हेड ऑफिसने काय ठरवलं, हे सगळे कागद कंपनीच्या कपाटात. म्हणजे आमच्याकडचे कागद जळून गेलेले आणि तिकडचे कुलुपात. म्हणूनच मला वाटतं की ज्या देशात कंपनीचं मुख्य ऑफिस आहे, जिथे नफा जातो, त्याच देशात दाद मागता आली पाहिजे आणि कंपनीला कपाट उघडायला लावता आलं पाहिजे. आणि आपण काळजी घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर पाहिजे, त्या पन्नीवाल्या बाईवर नको.

हे सोपं नाही हे भोपाळने शिकवलं आहे. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइड, सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपलं भारत सरकार स्वतः न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं होतं आणि म्हणत होतं की एवढा मोठा खटला चालवायची आमच्या कोर्टांची तयारी नाही, आणि अमेरिकन कंपनी सांगत होती की नाही नाही, भारताची कोर्टं उत्तम आहेत. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी खटला भारतात पाठवला. भारतातल्या कंपनीत अमेरिकेच्या युनियन कार्बाइडचा वाटा ५०.९ टक्के, तरी पुढे फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर मिटलं, सरकारने मागितले होते ३ अब्ज डॉलरच्या वर. युनियन कार्बाइडचा प्रमुख वॉरेन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ ला पकडला गेला, त्याच दिवशी सुटला, पुन्हा कधी आला नाही, २०१४ मध्ये अमेरिकेतच गेला. २०२३ मध्ये जादा भरपाईची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे निकाल सुधारून मागायचा शेवटचा अर्ज, तो पण सुप्रीम कोर्टाने फेटाळली. चाळीस वर्षांत हे एवढं.

स्वित्झर्लंडच्या लोकांबद्दल एक सांगायला पाहिजे, कारण इथे अनेकांना वाटतं की तिकडच्या माणसाला आपलं काय पडलंय. तिथे २९ नोव्हेंबर २०२० ला सार्वमत झालं. प्रश्न असा की स्विस कंपन्यांनी आणि त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांनी परदेशात माणसांचं किंवा निसर्गाचं नुकसान केलं तर स्विस कोर्टात त्यांच्यावर दावा लावता यावा का. ५०.७ टक्के लोकांनी हो म्हटलं. हो, बहुमत मिळालं. पण त्यांच्याकडे घटना बदलायची तर नुसत्या मतांचं बहुमत चालत नाही, कँटन म्हणजे त्यांची जी राज्यं आहेत त्यांचंही बहुमत लागतं, ते मिळालं नाही आणि प्रस्ताव पडला. त्याच्या बदल्यात जो कायदा आला त्यात मुख्यतः अहवाल लिहायचे आहेत. पण लोक बसले नाहीत, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सह्यांची मोहीम काढली आणि दोन आठवड्यांत लाखावर सह्या जमल्या. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाने सही केली, त्यातली एखादी सही आमच्या वावरात घडलेलं ऐकून केलेली असेल. मला त्याचं मोल वाटतं. आणि त्या दबावाने एक काम झालं पण, स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२१ पासून ५ घातक औषधांची निर्यातच बंद केली, त्यात डायफेन्थियुरॉन आहे, प्रोफेनोफॉस आहे, पॅराक्वाट आहे. आठवतंय ना, आपली बंदी ६० दिवसांची होती.

युरोपियन युनियनचा कायदा अशाच एका दुर्घटनेनंतर आला. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली बिल्डिंग कोसळली, ११०० च्या वर कामगार मेले, बहुतेक बायका, युरोप-अमेरिकेच्या ब्रँडचे कपडे शिवणाऱ्या. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते तरी कामावर बोलावलं होतं. त्यानंतर फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा केला, जर्मनीचा २०२३ पासून लागू झाला आणि २०२४ मध्ये सगळ्या युनियनसाठी झाला. कंपनीने आपला माल कुठून येतो, कुठे जातो, वाटेत कोणाचं नुकसान होतं हे तपासायचं, थांबवायचं, नाही केलं तर भरून द्यायचं, असा तो. आणि वर्ष-दीड वर्षात धंद्याला जड जातं म्हणून तो कापला. आता फक्त ५००० च्या वर कामगार आणि दीड अब्ज युरोच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच लागू, तेही २०२९ पासून, आणि सगळ्या युरोपात एकसारखा दावा लावता यायचं कलमच काढून टाकलं. माझ्यासारख्याला यातलं हे शेवटचं सर्वात लागतं. अहवाल भरपूर येतील, चकचकीत कागदावर, पण त्या बाईला अहवालाचं काय करायचं?

इथे एक जण हमखास म्हणतो, आणि आमच्या सेंटरवर पण म्हणतात, की अरे मजुरांनीच मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, कंपनीने पुडीवर लिहून दिलंय की. लिहिलंय, खरं आहे. पुडीसोबतचा कागद उलगडून बघा एकदा, मुंगीएवढ्या अक्षरात दहा भाषा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या घामट हवेत, पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन, चिखलात, पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकचा सूट घालून कोण दिवसभर चालेल? माझे मोठेबाबा दुपट्टा बांधायचे तोंडाला, आणि ओला झालेला दुपट्टा तर उलट विष नाकापाशी धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ (अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओ (आरोग्य संघटना) यांचा कीटकनाशकांबद्दलचा जागतिक कोड आहे, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या औषधाला महागडं, त्रासदायक किंवा सहज न मिळणारं संरक्षक साहित्य लागतं ते उष्ण हवेच्या भागातल्या लहान शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी टाळावं. मोठ्या कंपन्यांच्या संघटनेने हा कोड मान्य केलेला आहे. मग यवतमाळच्या मजुराकडे सूट नाही हे कंपनीला फवारणीच्या दिवशी कळलं का? ते विकायच्या आधीच माहीत होतं.

आता आपल्याकडे वळतो, कारण हे नुसतं गोऱ्यांवर बोट दाखवून होणार नाही. रत्नागिरीच्या वाचकांना आठवत असेल, १९९२-९३ मध्ये तिथे स्टरलाइटचा तांबे वितळवायचा कारखाना येणार होता, आंबा बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि जुलै १९९३ मध्ये कलेक्टरने काम थांबवायला लावलं. आपण जिंकलो म्हणून आनंद झाला. तो कारखाना मग तामिळनाडूत तुतीकोरिनला गेला, आणि मे २०१८ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात १३ लोक मेले. कोकणातून टळलेलं तिकडे कोणाच्या तरी दारात गेलं. आणि स्टरलाइट ज्या वेदांत समूहाची, त्याच समूहाची आफ्रिकेत झांबियामध्ये कोंकोला कॉपर माइन्स ही तांब्याची खाण, चिंगोला शहराजवळ. तिथल्या १८०० च्या वर गावकऱ्यांनी म्हटलं, खाणीच्या पाण्याने आमची नदी आणि शेती खराब झाली. ते लंडनला गेले, कारण मुख्य कंपनी लंडनची. कंपनी म्हणे झांबियात जा. १० एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटला इथे चालेल, कारण झांबियात या गरीब लोकांना एवढा मोठा खटला लढायला पैसा आणि तसा अनुभव असलेले वकील मिळणार नाहीत, आणि मुख्य कंपनी आपल्या सगळ्या समूहाचे पर्यावरणाचे नियम आपणच ठरवते आणि पाळून घेते असं स्वतःच छापत असेल तर तिच्यावर जबाबदारी येऊ शकते. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली.

हा निकाल मी तीनदा वाचला, मुलाकडून इंग्रजी समजून घेत. भोपाळच्या वेळी न्यूयॉर्कने जे नाकारलं तेच लंडनने मान्य केलं. आणि ज्याच्यावर दावा होता ती कंपनी मुळात आपल्या माणसाची. उद्या आपल्या कंपनीने आफ्रिकेत नाहीतर इंडोनेशियात कोणाची नदी नासवली तर तो माणूस मुंबई हायकोर्टात येऊ शकला पाहिजे, त्याला कोणी हाकलू नये, असा कायदा आपणही केला पाहिजे. बासेलच्या दारात आपण जे मागतो ते आपल्या दारात आलेल्याला द्यावंच लागेल. आपल्याकडे अजून कीटकनाशकांसाठी १९६८ चाच कायदा आहे. २०२० मध्ये राज्यसभेत नवीन विधेयक मांडलं त्याची बातमी मीच सेंटरच्या भिंतीवर लावली होती, ती पिवळी पडली.

माझं मागणं मोठं नाही, आणि यातलं पहिलं दिल्लीला न जाता होऊ शकतं. फवारणीच्या विषबाधेचा पेशंट आला की केसपेपरवर औषधाचं पुडीवरचं पूर्ण नाव, कंपनी, बॅच नंबर लिहिलाच पाहिजे, आणि माहीत नसेल तर तलाठ्याने नाहीतर कृषी सहायकाने त्याच दिवशी वावरात जाऊन पुडी ताब्यात घ्यावी आणि रक्त-लघवीचा नमुना जपून ठेवावा. कृषी केंद्राने उधारीवर दिलं तरी नावासकट बिल द्यावं. आणि तुमच्या पेपरला विनंती अशी की बासेलच्या त्या दाव्याचं काय चाललंय ते छापत राहा, तारीख पडली तरी छापा. ज्या दोन बाया एवढ्या लांबच्या कोर्टात गेल्या त्यांच्याबद्दल इथे शेजारच्या तालुक्यात पण लोकांना माहीत नाही.

पुढच्या हंगामाआधी एवढं छापलं तर बरं होईल, की फवारणी झाल्यावर पुडी लगेच जाळू नका. सीलबंद डब्यात घालून उंचावर, लेकरं-गुरांपासून लांब, हंगाम संपेपर्यंत ठेवा, आणि त्याआधी पुडीच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याने पुडी पन्नीत बांधून आमच्या सेंटरवर आणावी, मी फोटो काढून प्रिंट देतो. विषबाधेच्या कुठल्याही कागदाचे झेरॉक्स मी २०१७ पासून फुकट काढतो, तेही छापा.

आपला एक वाचक,
झेरॉक्स सेंटरवाला, जि. यवतमाळ